'ओ'चा खांदा

एका मोठ्या फलकावर एकच शब्द होता: स्पोर्ट. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, जाड, अरुंद आणि उजवीकडे झुकलेली. लाल जमिनीवर पांढरा रंग, एकेक अक्षर मीटरभर उंच. लांबून शब्द झोकात होता, धावायच्या बेतात असल्यासारखा. जवळ गेलं की मात्र मधला 'ओ' खटकायला लागायचा. त्याचा उजवा खांदा सुजल्यासारखा दिसत होता आणि डावा खांदा वाळल्यासारखा. बाहेरची कड जास्त कललेली, आतली पोकळी कमी, जणू अक्षराला चालता चालता पीळ पडला होता. शेवटच्या 'टी'चं उजवं टोक तर सरळ उभ्या रेषेत कापलं गेलं होतं. रंग स्वच्छ होता, छपाई नीट होती. मुळातला उभा फॉन्टही चांगल्या हातचा दिसत होता. फक्त त्या फॉन्टला स्वतःचं इटॅलिक, म्हणजे मुद्दाम काढलेली तिरपी छटा, नव्हतं आणि कुणीतरी 'तिरपं करा' हे बटण दाबलं होतं.

त्या बटणामागे काय घडतं ते समजायला पत्त्यांचा जोड पुरतो. जोड टेबलावर ठेवावा आणि कडेला हात लावून वरचे पत्ते उजवीकडे, खालचे जागच्या जागी, असा सरकवावा. जोडाची उंची तीच राहते, प्रत्येक पत्ता आडवाच राहतो, फक्त उभी कड तिरपी होते. अक्षराचंही तसंच. प्रत्येक बिंदू आपल्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकतो. झुकाव 12 अंशांचा असेल तर उंचीच्या 0.2126 पट. फॉन्ट ज्या हजार एककांच्या चौकटीत काढतात तिच्यात कॅपिटल अक्षर 700 उंच धरलं, तर त्याचं डोकं पायापासून 149 एककं पुढे जातं. हिशेब इतका सोपा आहे की यंत्राला तो करायला क्षणही लागत नाही. गोम अशी की यंत्र बिंदू सरकवतं आणि डोळा जाडी बघतो.

आता 'ओ'च्या खांद्याकडे येऊ. असं सरकवताना आकाराचं क्षेत्रफळ बदलत नाही. त्यामुळे कडेचा जो तुकडा लांबतो तो बारीक होतो आणि जो आखडतो तो जाड होतो. उजव्या खांद्यावर रेघ डावीकडून उजवीकडे उतरत असते. सरकल्यावर ती अधिक उभी होते, आखडते, म्हणून फुगते. डाव्या खांद्यावर रेघ चढत असते. ती ताणली जाते, म्हणून रोडावते. खाली याच्या उलट: डावा तळ जाड, उजवा तळ बारीक. जिथे रेघ मुळात 45 अंशांत आहे त्या जागी 12 अंशांच्या झुकावाने एका बाजूची जाडी सुमारे 11 टक्के वाढते आणि दुसऱ्या बाजूची 10 टक्के घटते. मूळ जाडी 128 असेल तर एक खांदा 142 आणि दुसरा 115. मीटरभर उंचीच्या अक्षरात हा फरक जवळजवळ चार सेंटीमीटरांचा होतो. लांबून तो कुणी मोजत नाही, पण तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

पिळाचं कारण आणखी आत आहे. अरुंद 'ओ' 380 रुंद आणि 700 उंच असा लंबगोल समजू. उभ्या बाजूंची जाडी 140, वरखालची 115. म्हणजे आतली पोकळी उरते 100 रुंद आणि 470 उंच. आता दोन्ही लंबगोल 12 अंशांनी सरकवले, तर आतला सडपातळ लंबगोल साधारण साडेबारा अंशांवर टेकतो, पण बाहेरचा रुंद लंबगोल सव्वासोळा-साडेसोळा अंशांपर्यंत कलतो. आकार जितका गोलाकडे झुकणारा, तितका त्याचा लांब अक्ष जास्त ढळतो. पूर्ण वर्तुळ सरकवलं तर अक्ष चाळीस अंशांच्याही पुढे जातो. कवच एका कलाने आणि पोकळी दुसऱ्या कलाने, हाच तो पीळ. जुन्या जाणत्या अक्षरकारांनी अरुंद जाड 'ओ'च्या बाजू सपाट ठेवल्या त्याचं एक कारण जागा वाचवणं हे आहेच, पण तिरपं करताना त्याचा फायदा दुप्पट होतो. सरळ बाजू नेमक्या 12 अंशांवरच राहतात. ढळायला उरतं ते फक्त वरचं आणि खालचं वळण, आणि तेवढं हाताने सावरता येतं.

बाकीची अक्षरंही सुटत नाहीत. 'एस'चा मधला कणा डावीकडून उजवीकडे उतरतो, म्हणून तोही फुगतो आणि जास्त उभा होतो. जाड अरुंद 'एस'मध्ये मुळातच जागेची मारामार असते, त्यात कणा सुजला की वरची आणि खालची खाच मिटायला लागते. 'आर'चा पाय त्याच दिशेचा, तोही जड पडतो. 'झेड'ची रेघ उलट दिशेची असल्याने बारीक होते, आणि गंमत म्हणजे लेखणीच्या वळणात 'झेड'ची हीच रेघ जाड असायला हवी. 'ए' आणि 'व्ही' मात्र थोडे नशीबवान. 'ए'चा उजवा पाय आणि 'व्ही'चा डावा पाय जाड होतात, जे चपट्या निबाच्या सवयीशी जुळतं. 'ओ'चा सुजलेला उजवा खांदाही खरं तर त्याच निबाची आठवण करून देतो. पण ज्या अक्षरात लेखणीचा मागमूस नाही, जिथे जाडी उभ्या बाजूंना आणि बारीकपणा वरखाली अशी शिस्त आहे, तिथे ही आठवण परकी वाटते. म्हणून सावरताना फुगवटा शंभर टक्के काढू नये, थोडा राहू द्यावा असं मला वाटतं. सगळा काढला तर अक्षर पुन्हा उभं असल्यासारखं दिसतं, आणि झुकण्यातला जोर जातो.

'पी' तर वेगळ्याच कारणाने पडतो. त्याचं सगळं वजन वर आणि उजवीकडे, खाली आधाराला एकच दांडा. तिरपा केला की तो तोंडावर आपटेल असं वाटतं.

या जाड, अरुंद, तिरप्या अक्षराचं कुळ तीन वेगवेगळ्या घरांतून आलेलं आहे, आणि ती घरं एकमेकांना धरून नव्हती. तिरपेपण आलं हस्ताक्षरातून. व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियस या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने पहिलं इटॅलिक कोरलं आणि 1501 साली त्यात लहान आकाराची पुस्तकं निघू लागली. त्या इटॅलिकमध्ये कॅपिटल अक्षरं मात्र उभीच होती. झुकत होती ती फक्त लहान अक्षरं, कारण हात लिहिताना तीच झुकवतो. शेंड्या नसलेलं, म्हणजे सॅन्स-सेरिफ अक्षर छपाईच्या खिळ्यात, म्हणजे जुळवायच्या शिशाच्या ठशात, आलं ते 1816 साली विल्यम कॅस्लन चौथा याच्याकडून, आणि तेही नुसती कॅपिटलं. 1830 च्या दशकात ते जाड झालं, अरुंद झालं, त्याला लहान अक्षरं मिळाली. याच सुमाराला जाहिरातीच्या कागदांची चढाओढ सुरू झाली होती. 1828 मध्ये डॅरियस वेल्सने लाकडी खिळ्यांचा कॅटलॉग काढल्यावर वीतभर उंचीची अक्षरं हलकी आणि परवडणारी झाली, आणि अरुंद पत्रकावर मोठ्यात मोठा शब्द बसवण्यासाठी अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबली गेली. हे सगळं उभ्या अक्षरांचं जग होतं. तिरपा जाड अरुंद सॅन्स त्यात उशिरा आला. त्याच्या मागे हस्ताक्षराचा कुठलाच दाखला नव्हता. कुणी कधी त्या वळणात चिठ्ठी लिहिलेली नाही.

खिळ्यांच्या काळात तिरप्या अक्षराला एक अगदी हाताला लागणारी अडचण होती. खिळा चौकोनी आणि अक्षर तिरपं, म्हणून अक्षराचं डोकं खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबायचं. शेजारचा खिळा नीट बसला नाही, किंवा दाब जरा जास्त पडला, की ते लोंबणारं टोक तुटायचं. जुळाऱ्याला तो खिळा बदलावा लागायचा. शिशाची ही अडचण अक्षरं फोटोने उमटवायच्या काळात नाहीशी झाली, पण तिच्यासोबत एक शहाणपणही गेलं. भिंगाने अक्षर दाबता येऊ लागलं, झुकवता येऊ लागलं, आणि नवं इटॅलिक कोरायची सक्ती उरली नाही. तरीही ज्यांना कळत होतं त्यांनी ते काढलंच. अक्षरकार एड्रियन फ्रुटिगरने 1957 च्या युनिव्हर्स या टाइपमध्ये 21 छटा आखल्या आणि नावांऐवजी आकडे दिले. पहिला आकडा जाडीचा, दुसरा रुंदीचा आणि उभ्या-तिरप्याचा. 67 म्हणजे जाड अरुंद, 68 म्हणजे तेच तिरपं. त्या 68 ला तक्त्यात स्वतःची जागा होती, ते 67 ची सावली नव्हतं. उलट उदाहरण इम्पॅक्टचं. जेफ्री लीने 1965 साली काढलेला हा जाड, दाबलेला टाइप पुढे घराघरातल्या संगणकांवर पोचला, पण एकाच छटेत आणि उभा. आजवर तिरप्या इम्पॅक्टमध्ये जे काही वाचलं गेलं ते जवळजवळ सगळं यंत्राने सरकवलेलं आहे. फार मोठ्या संख्येने लोकांनी तिरपं जाड अक्षर म्हणून जे डोळ्यात साठवलं, ते हेच.

जाड, अरुंद आणि तिरपं या तीन मागण्या सुट्या पाहिल्या तर एकेक सोपी वाटते. एकत्र आल्या की तिघींना एकच गोष्ट हवी असते, आणि ती असते अक्षराच्या पोटातली पांढरी जागा. 380 रुंदीच्या 'ओ'मध्ये बाजू 140 च्या असतील तर पोकळी 100 उरते. कुणी म्हटलं, अजून थोडं जाड करा, 170 करा, तर पोकळी होते 40. तीस एककं वाढवली आणि साठ गेली, कारण बाजू दोन आहेत. पडद्यावर ती 40 ची फट दिसते. कापडावर शाई पसरली की ती बुजते. म्हणून जाड अरुंद अक्षरात आडव्या रेघा उभ्यांपेक्षा बारीक ठेवतात, साधारण तीन-चतुर्थांश ते पाच-षष्ठांश. लहान अक्षरांत 'ई', 'ए' आणि 'एस' यांना एकावर एक तीन आडव्या रेघा लागतात. लहान अक्षराची उंची 540 धरली आणि रेघ 100 ची, तर तीन रेघांना 300 गेले, दोन फटींना 240 उरले, म्हणजे फट 120 ची. इथे रेघ 140 ठेवण्याचा हट्ट केला तर फट 60 वर येते. या कारणानेच असल्या फॉन्टमध्ये लहान अक्षरं कॅपिटलच्या मानाने उंच असतात. त्यात सौंदर्याचा विचार नंतरचा, आधी तीन रेघांची सोय.

'एम' आणि 'डब्ल्यू' यांचा हिशेब तर कधीच पूर्ण बसत नाही. चार दांडे प्रत्येकी 140 चे म्हटले तर 560 नुसत्या काळ्याला गेले. मग ही दोन अक्षरं इतरांपेक्षा रुंद ठेवायची, त्यांचे दांडे दहा-पंधरा टक्के बारीक करायचे आणि जिथे तिरप्या रेघा भेटतात तिथे आतून खाच मारायची. खाच लहान आकारात दिसत नाही, पण ती नसेल तर त्या कोपऱ्यात काळा गोळा साचतो. फलकावर मात्र खाच उघडी पडते, म्हणून मोठ्या आकारासाठीच बनवलेल्या फॉन्टमध्ये ती उथळ ठेवावी लागते.

रुंदीचं बटणही तिरप्याच्या बटणाचं भावंड. नेहमीच्या जाड अक्षराची रुंदी 60 टक्क्यांवर आणली की उभा दांडा 150 चा 90 होतो आणि आडवी रेघ 125 ची 125 च राहते. अक्षर पट्टे-पट्टे झाल्यासारखं दिसतं. अशा दाबलेल्या अक्षराला वर तिरपंही केलं, की आगीतून फुफाट्यात.

किती अंश झुकवायचं, यावर उत्साह लवकर वाहवतो. वेग हवा म्हणून 20 अंश मागितले जातात. 700 उंचीला 20 अंश म्हणजे 255 एककांची सरक. अक्षर रुंद असतं तर ते पचलं असतं, पण 380 रुंदीच्या अक्षरात डोकं पायापासून दोन-तृतीयांश रुंदीइतकं पुढे जातं. 'आय'ची ओळख पुसते, तो तिरकी रेघ वाटायला लागतो. अरुंद अक्षर उंच दिसतं, त्यामुळे त्याचा झुकाव आहे त्यापेक्षा जास्त भासतो. माझ्या मते जाड अरुंद वळणाला 10 ते 12 अंश भरपूर होतात. 8 अंशांत ते उभ्या अक्षराशेजारी ठेवल्यावरच तिरपं असल्याचं कळतं, 15 च्या पुढे 'ए', 'के' आणि '7' हे सगळे हाताने नव्याने काढावे लागतात. 12 हा आकडा अनेक सॅन्स फॉन्टच्या तिरप्या छटांत सापडतो, हेल्व्हेटिकाच्या तिरप्यातही तोच आहे. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस नियमांत अंश न सांगता नुसतं तिरपं म्हटलं तर 14 धरले जातात. दोन अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. एकाच पानावर खरं 12 अंशांचं शीर्षक आणि खाली यंत्राने सरकवलेली 14 अंशांची ओळ आली, की ओळी एकमेकींना समांतर नसल्याची बोच लागून राहते.

हाताने तिरपं काढायचं म्हणजे सगळं शून्यातून काढायचं असं नाही. सुरुवात सरकवण्यानेच होते. फक्त ते पायाच्या रेषेपासून सरकवू नये. पायापासून सरकवलं तर सगळी अक्षरं आपल्या जागेच्या उजवीकडे लोंबतात आणि शब्द चौकटीत डावीकडे रिकामा, उजवीकडे दाटलेला दिसतो. लहान अक्षराच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे 270 वर, कील ठोकली आहे असं समजून सरकवावं. म्हणजे सगळं 57 एककं मागे घेतलं जातं. त्यानंतरचं पहिलं काम कंटाळवाणं पण टाळता न येणारं असतं. गोल आकाराच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या टोकावर जे बिंदू असतात, त्यांतले डावे-उजवे सरकल्यावर टोकावर राहत नाहीत. नव्या टोकांवर बिंदू घालायचे, जुने काढायचे. हे केलं नाही तर पुढची प्रत्येक दुरुस्ती वळणाला ढोपर आणते. मग खांदे. उजवा खांदा आतून आणि बाहेरून थोडा थोडा छिलायचा, डाव्याला तेवढाच भर द्यायचा. एकाच कडेने सगळी दुरुस्ती केली की पोकळीचा आकार बिघडतो. 'एस'साठी सरकवलेली आकृती सावरत बसण्याऐवजी आधी उभ्या आकृतीतच कणा थोडा आडवा करून घ्यायचा आणि मग सरकवायचा, हे सोपं पडतं. 'पी' आणि 'आर'चं पोट दहाएक एककं मागे घ्यायचं. उभे दांडेही तपासायचे. आडव्या मापाने ते 140 च दिसतात, पण रेघेला काटकोनात मोजलं तर 137 भरतात. तिरपी छटा उभीपेक्षा किंचित फिकट वाटते ती या तीन एककांमुळे. काही जण ती भरून काढतात, काही सोडून देतात. शीर्षकाच्या आकारात भरावी, असा माझा कौल.

आता शब्द रचण्याकडे. या वळणात दांडे समांतर आणि दाट असतात, म्हणून अक्षरांतलं अंतर पोटातल्या पोकळीच्या जवळपास ठेवावं लागतं. पोकळी 100 आणि दोन दांड्यांमधली फट 40 असेल तर शब्द जाळीसारखा लखलखतो, वाचता येत नाही. फलकाच्या आकारात ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर, हजारात दहा-वीसने कमी केलं तर शब्द घट्ट होतो आणि चांगला दिसतो. तोच शब्द 20 पॉइंटच्या खाली आणला तर उलट दहा-वीस वाढवावं लागतं. त्याहून लहान आकारात हा टाइप वापरूच नये. तो त्या कामासाठी नाही. परिच्छेदभर मजकूर त्यात लावला की तिसऱ्या ओळीला डोळा थकतो. 'एल'नंतर 'टी' किंवा 'ए'नंतर 'व्ही' आला की कर्निंग, म्हणजे त्या जोडीपुरतं अंतर कमी करणं, हवंच. आणि तिरप्या शब्दानंतर उभा कंस किंवा उभं उद्गारचिन्ह ठेवलं तर शेवटच्या अक्षराचं डोकं त्याच्यावर आदळतं. चिन्हंही त्याच तिरप्या छटेतली घ्यावीत.

ओळी एकाखाली एक रचताना होणारी चूक सर्रास दिसते. डावी कड सरळ उभ्या रेषेत लावतात. उभ्या अक्षरांना ते बरोबर आहे. तिरप्या अक्षरांच्या ओळी मात्र अशाने पायऱ्यांसारख्या तुटक दिसतात, कारण प्रत्येक ओळीचा दांडा उजवीकडे निघतो आणि पुढची ओळ पुन्हा मागून सुरू होत नाही. डावी कडही त्याच कलावर चालली पाहिजे. अक्षरांचा आकार 200 पिक्सेल, ओळींतलं अंतर त्याच्या 0.9 पट म्हणजे 180 असेल, तर प्रत्येक खालची ओळ 38 पिक्सेल डावीकडे घ्यायची. तीन ओळी अशा लावून पाहाव्यात. सुटे शब्द एकदम एका ठोकळ्यात बसतात.

त्या 'टी'चं कापलेलं टोकही इथेच समजतं. अक्षराची चौकट खिळ्यासारखीच अजून चौकोनी आहे, फक्त ती दिसत नाही. 270 वर कील ठेवून सरकवलेल्या 'टी'चं वरचं टोक 91 एककं उजवीकडे जातं. त्याच्या बाजूला राखलेली मोकळी जागा जेमतेम दहा-बारा. म्हणजे सुमारे 80 एककं चौकटीबाहेर. 200 पिक्सेलच्या अक्षरात 16 पिक्सेल. नुसत्या मजकुराला त्याने काही होत नाही, कारण बाहेर आलेलं तसंच दिसतं. पण शब्दाला रंगछटा भरली, किंवा चित्रात रूपांतर केलं, किंवा शब्दाच्याच मापाची चौकट काढून बाहेरचं लपवलं, की चौकट सुरी फिरवते. उजवीकडे अक्षराच्या आकाराच्या दहाव्या हिश्श्याएवढी जागा सोडली असती तर ते टोक वाचलं असतं. शिशाच्या काळात हेच टोक तुटायचं. कापणारं हत्यार बदललं, जागा तीच राहिली.

एकाच छटेचा जाड अरुंद तिरपा फॉन्ट बनवणाऱ्यांकडून फाइलमध्येही एक घोळ राहून जातो. फॉन्टच्या पोटात तो कोण आहे याची नोंद असते: जाडीचा आकडा 700, रुंदीचा 3, झुकाव उणे 12. उजवीकडचा झुकाव उणे लिहितात, हे विसरून अधिक 12 लिहिलेल्या फाइली सापडतात, आणि मग कर्सर अक्षरांच्या उलट दिशेला झुकतो. जाड आणि तिरपं अशा खुणा न करता 'साधा' म्हणून नोंद केली, तर यंत्राला वाटतं हा उभा आणि सडपातळ आहे. वापरणाऱ्याने तिरप्याचं बटण दाबलं की 12 वर आणखी 12-14 अंश चढतात. वेबवर तर बटणही लागत नाही. तिथे मोठ्या शीर्षकाची खूण मुळातच जाड मागते. फॉन्ट जोडताना वजन, म्हणजे जाडीचा आकडा, 700 आहे असं सांगितलं नाही, तर ब्राउझर आधीच जाड असलेल्या अक्षरावर आपला जाडपणा चढवतो आणि 'ई'च्या फटी मिटतात. लोक फॉन्टला नावं ठेवतात. वजन आणि शैली नीट लिहून, वर खोटी छटा बनवू नये अशी सीएसएसची सूचना दिली की हे दोन ओळींत थांबतं.

देवनागरीला हे सगळं लागू केलं तर वेगळंच चित्र दिसतं. तिला इटॅलिकची जुनी परंपरा नाही, पण इंग्रजी शीर्षकाच्या शेजारी मराठी शब्द ठेवायचा म्हटला की तिरपेपणाची मागणी येतेच, आणि यंत्र ती परस्पर भागवतं. शिरोरेषा आडवी असल्यामुळे तिला काहीच होत नाही. ती जागच्या जागी, आणि खालचे काने झुकलेले. 'ट', 'ठ', 'ढ', 'द' यांचं पोट छोट्या मानेने शिरोरेषेला टांगलेलं असतं. सरकवल्यावर ते पोट मानेच्या डावीकडे जातं, घंटा हलल्यासारखं. 'र'चा पाय इंग्रजी 'आर'च्या पायासारखाच फुगतो. 'म', 'न', 'भ' यांच्या गाठी जाड वळणात आधीच बारीक छिद्रावर आलेल्या असतात, त्या बुजतात. शिवाय अरुंद करायला देवनागरीत जागाच कमी. 'ष'च्या पोटात आडवी जाणारी तिरपी रेघ, 'झ'ची गुंतागुंत, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचे थर, हे सगळं 'डब्ल्यू'पेक्षा अवघड. माझा आग्रह असा की देवनागरीत 12 चा हट्ट धरू नये. शिरोरेषा स्वतःच शब्दाला पुढे ओढत असते, तिच्याखाली 7-8 अंशांतही वेग पुरेसा दिसतो. आणि पोटं मानेखाली परत आणून ठेवावीत. तेवढ्याने अर्धं काम होतं.

फलकावरचा तो शब्द याच पद्धतीने नीट करून जुन्यावर ठेवला तर दोन्ही जवळजवळ एकच दिसतात. जुना लाल आणि नवा पांढरा धरला, तर नव्याखालून जुन्याच्या काही कोरा डोकावतात. 'एस'च्या कण्यावर एक, 'पी'च्या पोटापुढे नखाएवढी, 'आर'च्या पायाला लागून लांबट. 'ओ'च्या उजव्या खांद्यावर आणि डाव्या तळाशी अशा दोन, चंद्रकोरीच्या. डाव्या खांद्यावर मात्र उलट, तिथे नवं अक्षर जुन्याच्या बाहेर आलेलं. मीटरभर उंचीच्या अक्षरात सर्वांत रुंद कोर एक-दोन बोटांची भरते. 'टी'चं टोक कापलेल्या रेषेच्या पलीकडे हातभर नव्हे, वीतभरही नव्हे, चार-सहा बोटं पुढे जाऊन तिरपं संपतं.